लग्नात ढोलक हवी की नको

"तुमच्यात गाणं चालतं का हो?" हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. मी बुलढाण्याला एका पतसंस्थेत नोकरीला आहे, धाडहून रोज जाऊन-येऊन करतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना मोबाईलवर हळू आवाजात काहीतरी लावलेलं असतं, कधी मदन मोहन, कधी वसंतराव देशपांडे, कधी अजय-अतुल. नवीन आलेला एखादा सहकारी मग हा प्रश्न टाकतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. 'तुमच्यात' हा शब्द तेवढा माझ्या घशात अडकतो. तुमच्यात म्हणजे नेमकं कोणात? आमच्या घरात आज सात माणसं आहेत आणि या एका प्रश्नावर सातांची सात मतं आहेत. 'चालतं' म्हणावं तर भाईजान खोटा पडतो, 'चालत नाही' म्हणावं तर अम्मी खोटी पडते. म्हणून मी "ऐकतोच आहे की" एवढं म्हणून भाजीचा डबा पुढे सरकवतो. खरं उत्तर लांबलचक आहे, ते जेवणाच्या सुट्टीत मावत नाही. आज लिहून टाकतो.

अब्बा शिंपी होते. बाजारात दहा बाय बाराचं दुकान, दोन मशीन, एक कापड बेतायचं टेबल आणि वर फळीवर रेडिओ. आमचं धाड काठावरचं गाव आहे. इकडे बुलढाणा, म्हणजे वऱ्हाड. जरा पुढे गेलं की भोकरदन तालुका लागतो, म्हणजे जालना जिल्हा आणि मराठवाडा. १९४८ पर्यंत तिकडे निजामाचं राज्य होतं. जुनी माणसं त्या बाजूला अजून 'मोगलाई' म्हणतात. दुकानात दोन्हीकडची गिऱ्हाइकं यायची. कोणी वऱ्हाडीत बोलायचं, कोणी मराठवाडी हेल काढून, आणि आमच्या घरची दखनी या दोन्हींच्या मधे कुठेतरी. रेडिओही तसाच. सकाळी विविध भारतीवर 'भूले बिसरे गीत', संध्याकाळी 'आपली आवड', बुधवारी रात्री दुकान बंद करायच्या वेळेला रेडिओ सिलोनवर अमीन सयानी आणि बिनाका गीतमाला. अजान झाली की अब्बा बटण बंद करायचे, मशिदीत जाऊन यायचे, आणि आले की पुन्हा चालू. यात त्यांना कधी काही विसंगत वाटलं नाही. मशीनला तेल घालणं जसं, तसंच तेही.

रेडिओ एकच होता, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. अब्बांना रफी आणि तलत, हाताखालच्या कारागिराला किशोरकुमार, मला आरडी बर्मन, आणि समोरच्या किराणा दुकानदार काकांना सुधीर फडके. सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. मला गीतरामायणातली अर्धीअधिक गाणी पाठ आहेत ती या काकांमुळे, आणि काका शेवटपर्यंत 'मुघल-ए-आझम'मधली कव्वाली गुणगुणायचे ती अब्बांमुळे. याला कोणी एकात्मता वगैरे म्हणत नव्हतं. रस्ता दहा फुटांचा होता, आवाज इकडून तिकडे जायचाच. आज आमच्या घरात सात माणसं आणि पाच मोबाईल, प्रत्येकाच्या कानात वेगळं. माझी मुलगी कोरियन मुलांची गाणी ऐकते. ती मला आवडली असती की नाही कोण जाणे, कारण ती माझ्या कानावरच येत नाहीत.

याच दुकानात एका मराठीच्या मास्तरांनी, पँटचं माप देता देता, अब्बांना सांगितलं होतं की मराठी भावगीताची सुरुवात ज्या गाण्यांपासून मोजतात त्यांतलं एक आपल्या जिल्ह्यातलं आहे. 'शीळ' ही कविता लिहिणारे ना. घ. देशपांडे मेहकरचे वकील, आणि ती रेकॉर्डवर गाणारे जी. एन. जोशी. अब्बांना मराठी वाचता येत होतं पण कवितेशी त्यांचा संबंध नव्हता. तरी पुढे कित्येक वर्षं मेहकरचं गिऱ्हाईक आलं की ते म्हणायचे, "तुमच्या गावचा वकील मोठा माणूस बरं." गिऱ्हाइकाला वाटायचं, कोर्टाचं काही काम आहे.

आता रफीसाहेबांचा 'ळ'.

मोहम्मद रफींनी मराठीत जी मोजकी गाणी गायली, त्यांतली बहुतेक श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवरची. हे श्रीकांत ठाकरे म्हणजे बाळासाहेबांचे धाकटे भाऊ आणि राज ठाकरे यांचे वडील. 'शोधिसी मानवा' हे त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं, वंदना विटणकर यांनी लिहिलेलं. दर महिन्याला व्हॉट्सॲपवर कोणीतरी ही माहिती 'बघा, कलेला धर्म नसतो' असं लिहून पाठवतं. 'बैजू बावरा'मधल्या भजनाचंही तेच: लिहिणारे शकील बदायुनी, संगीत नौशाद, गाणारे रफी, तिघेही मुसलमान. खरी माहिती आहे, पण मला त्या मेसेजचा कंटाळा आला आहे. गाण्याच्या आधी तिघांची ओळखपत्रं तपासायची आणि मग वाहवा करायची, यात गाणं राहतं बाजूला. शकीलसाहेबांनी ते भजन मोठं मन दाखवायला लिहिलं नव्हतं. त्यांचं काम होतं, आणि ते काम त्यांना फार चांगलं येत होतं.

आमच्या घरी रफींचं मराठी गाणं वेगळ्याच कारणासाठी कान देऊन ऐकलं जायचं. अम्मीला 'ळ' म्हणता येत नाही. ती बाळाला 'बाल' म्हणते, केळ्याला 'केला', आणि भाजीवालीशी तिची यावरून रोज थट्टा चालते. अब्बांचा 'ळ' बरा होता पण घाईत घसरायचा. त्यामुळे 'शोधिसी मानवा'च्या धृवपदातला तो एक 'ळ' आला की अब्बा कैची थांबवायचे. पंजाबातल्या कोटला सुलतानसिंग गावात जन्मलेला माणूस, त्याला मराठी येत नव्हती, तो हे अक्षर कसं काढतो? माझ्या कानाला तो 'ळ' पुरता आपला नाही आणि 'ल'ही नाही, मधेच कुठेतरी आहे, पण तो टाळून पुढे जात नाही, जीभ वळवून नीट म्हणतो. अब्बा म्हणायचे, "देखो, मेहनत की आदमी ने." आमच्या मराठी शाळेतल्या पहिल्या वर्षात मी 'ळ'साठी मार खाल्ला होता. मला ते गाणं भक्तीचं वाटण्याआधी उच्चारांच्या तालमीचं वाटायचं.

सिनेमाकडे अब्बा शिंप्याच्या नजरेनं बघायचे. गोष्ट काय, हे त्यांना धड सांगता यायचं नाही, पण कोणाच्या कुर्त्याला कसली कळी होती ते वीस वर्षांनी सांगायचे. 'वक्त'मधल्या साधनाच्या चुडीदारावर ते तासभर बोलू शकत. ते कपडे भानू अथैया यांनी केले होते, त्या मूळच्या कोल्हापूरच्या, आणि पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळवणाऱ्याही त्याच, हे मी त्यांना बऱ्याच उशिरा सांगितलं. ते ऐकून त्यांना इतका आनंद झाला की जणू धाडच्या शिंपी संघटनेलाच ऑस्कर मिळालं. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि गावातल्या सगळ्या जातीधर्माच्या पोरी माधुरीच्या ब्लाउजचा फोटो घेऊन दुकानात. अब्बांनी सगळ्यांना शिवून दिलं, पुढून हुबेहूब माधुरी, आणि मागून पाठ पूर्ण बंद. एकीनंही तक्रार केली नाही. घरी आया होत्याच.

ज्यांना 'मुस्लिम सोशल' म्हणतात ते सिनेमे आमच्याकडे व्हीसीआर भाड्यानं आणून बघितले जायचे. अंगणात टीव्ही, गल्लीतल्या बायका समोर, पुरुष मागे भिंतीला टेकून. 'चौदहवीं का चाँद', 'मेरे मेहबूब', 'पाकीजा'. अम्मीला हे सिनेमे फार आवडायचे आणि त्यांतलं काहीच तिला ओळखीचं वाटायचं नाही. झुंबरं, हवेल्या, शेरवानी घातलेले नवाब, तोंड उघडलं की शेर. ती विचारायची, यांच्याकडे म्हशी कोण बघतं? आमचे मुसलमान म्हणजे शिंपी, बागवान, खाटीक, तांबोळी, कापूस-सोयाबीनवाले लहान शेतकरी. नवाब आम्ही फक्त पडद्यावरच बघितले. नंतरच्या सिनेमांत नवाब गेले आणि त्यांच्या जागी स्मगलर आले, मग बॉम्बवाले. आमच्या बाजारगल्लीतला माणूस मधल्यामधे राहूनच गेला.

त्यातला एक सिनेमा मात्र अंगणात फार वेळ राहिला. १९८२ चा 'निकाह', बी. आर. चोप्रांचा. सलमा आगाची गाणी लोकांच्या लक्षात आहेत, पण माझ्या लक्षात राहिलं ते सिनेमा संपल्यानंतरचं. नायिकेला पहिला नवरा रागाच्या भरात तलाक देतो, दुसरा मोठेपणा दाखवत तिला परत पहिल्याकडे सोपवायला निघतो, आणि ती दोघांनाही विचारते की मी काय वस्तू आहे का. टीव्ही बंद झाला तरी बायका उठेनात. गल्लीत तेव्हा दोन तलाकवाल्या माहेरी येऊन राहिल्या होत्या. एक तिथंच बसली होती, टीव्हीच्या अगदी जवळ. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं की ती आहे. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात बायकांना घेऊन मुंबईत तोंडी तलाकविरोधात मोर्चा काढला, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, हे मी कॉलेजात गेल्यावर वाचलं. दलवाईंचं पुस्तक आमच्या गल्लीत आलं असतं तर त्याला दारातच थांबवलं असतं. 'निकाह'ला कोणी थांबवलं नाही, कारण त्यात गाणी होती. सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला २०१७ साल उजाडलं. माझा सिनेमावर विश्वास आहे तो अशा कारणांनी, कलात्मकता वगैरे मला फारशी कळत नाही.

त्याच वर्षीचा 'बाजार' मला जास्त चांगला वाटतो, पण अंगणात तो चालला नाही. पैशासाठी पोरीचं लग्न आखातातल्या म्हाताऱ्याशी लावून देणारे आईबाप बघायला कोणाला आवडेल? त्यातलं भूपिंदरनं गायलेलं गाणं औरंगाबादच्या बशर नवाज यांनी लिहिलं आहे. आमची औरंगाबादची फूफी हे दर ईदला सांगते, आणि दर वेळी सिनेमा मात्र बघायला नको म्हणते.

मराठी सिनेमात आमचा माणूस मला पहिल्यांदा धड दिसला तो 'सैराट'मध्ये. सल्या. अरबाज शेखनं केलेला. त्याच्या मुसलमान असण्याबद्दल सिनेमा एक अक्षर बोलत नाही. तो टोपी घालून दर्ग्यात हात पसरत नाही, शेवटी मित्रासाठी मरून देशभक्ती सिद्ध करत नाही, उर्दूत उपदेश करत नाही. तो परश्याचा मित्र आहे, मित्राच्या भानगडीत पळतो आणि मार खातो. २०१६ साली आम्ही सगळे मिळून बुलढाण्याला जाऊन बघून आलो. अब्बा परत येताना म्हणाले, "वो लडका अपने मोहल्ले का लगता." लोक 'झिंगाट'वर बोलत होते, आमच्या घरात दोन दिवस सल्यावर बोलणं चाललं होतं. जब्बार पटेलांसारखा माणूस 'सामना' आणि 'सिंहासन' काढून मराठी सिनेमात कधीचाच मोठा झाला होता, पण कॅमेऱ्याच्या मागे. पुढे यायला आम्हाला सल्यापर्यंत थांबावं लागलं.

सगळे गेलो होतो म्हटलं, पण भाईजान नव्हता आला.

भाईजान माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. १९९० साली 'आशिकी' आला तेव्हा गावात कुमार सानूचा त्याच्याइतका वेडा कोणी नव्हता. केस तसे, शर्टाची कॉलर तशी, आणि दीडेकशे कॅसेटी, काही विकत घेतलेल्या, बऱ्याचशा चिखलीहून भरून आणलेल्या. सैलानीच्या यात्रेत आम्ही दोघं होळीच्या आधी दोन दिवस तळ ठोकायचो. तिथं नारळांची होळी पेटते, संदल निघतो, राज्यभरातून सगळ्या जातींची माणसं येतात. आम्हाला मात्र ओढ कव्वालीची. अझीझ नाझां यांची दारूवरची कव्वाली जन्मात दारू न चाखलेला भाईजान डोळे मिटून म्हणायचा. मग तिशीच्या जवळ तो जमातीत चाळीस दिवस जाऊन आला आणि बदलला. दाढी ठेवली, पाच वक्त नमाज सुरू केली, उधारीचा हिशोब काटेकोर ठेवायला लागला, शिव्या पूर्ण बंद. हे सगळं चांगलंच झालं. आणि गाणं सोडलं. कॅसेटी त्यानं फेकल्या नाहीत. पत्र्याच्या पेटीत भरून माळ्यावर टाकल्या. अब्बांना तो रेडिओ बंद करा असं कधी म्हणाला नाही. रेडिओ लागला की उठून बाहेर जायचा, आणि अब्बाही तो आत आला की आवाज बारीक करायचे. वीस वर्षं बापलेकांचं हे असं चाललं. यावर दोघांत एक शब्दाची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

ठिणगी पडली ती त्याच्या मुलीवरून. पुतणीला आवाज आहे. अब्बांनी मांडीवर घेऊन तिला रफी शिकवले, आणि ती मराठी शाळेतली, तेव्हा 'ळ' एकदम खणखणीत. नववीत असताना तिनं शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'शोधिसी मानवा' म्हटलं, पहिला नंबर आला, आणि पुढच्या स्पर्धेसाठी बुलढाण्याला न्यायचं म्हणून बाई घरी आल्या. भाईजाननं त्यांना चहा दिला, हात जोडले, आणि नाही म्हणाला. मुलगी आतल्या खोलीत होती. अब्बा बोलले नाहीत. मुलाच्या लेकीबद्दलचा निर्णय आजोबानं करायचा नाही, हे त्यांचं गणित होतं.

मी मात्र भांडलो. मी म्हटलं, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यातच आहे ना? उरुसात आजही मोठमोठे गवई तिथं हजेरी लावतात. दर्ग्याला चालतं आणि तुला चालत नाही? भाईजान अडाणी नाही. कुमार सानूच्या आधी त्यानं खूप काही ऐकलेलं आहे. तो म्हणाला, "खाँसाहेबांच्या घराचं काय झालं तेही सांग की." ते मला माहीत होतं. खाँसाहेब आणि ताराबाई माने यांचा संसार मोडला, आणि ताराबाईंनी मुलांची नावं बदलून घेतली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, सकिनाच्या सरस्वती राणे. भाईजानचा मुद्दा असा की गाण्याच्या पायी बापाचं नावसुद्धा पोरांना राहिलं नाही. माझा मुद्दा असा की नाव गेलं तरी तिघांच्याही गळ्यात बापाचं गाणं राहिलंच. दोघंही आपापल्या जागी अडून बसलो. मग त्यानं रफींना मधे आणलं: हजहून आल्यावर त्यांनीही काही काळ गाणं सोडलं होतं, त्यांच्या मुलानंच मुलाखतीत सांगितलंय. यावर अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "फिर से गाए ना लेकिन? 'क्या हुआ तेरा वादा' किसने गाया फिर?" १९७७ चं गाणं, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं. अम्मीला पुरस्काराचं माहीत नसावं, तिला फक्त क्रम माहीत होता.

पण खरं कारण त्या रात्री उशिरा कळलं. भाईजान म्हणाला, "स्टेजवर गाणारी पोरगी म्हणून नाव झालं तर स्थळं कुठून आणू?" हे मात्र धर्माचं नव्हतं. हेच वाक्य समोरच्या किराणावाल्या काकांनी स्वतःच्या बहिणीबद्दल चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेलं होतं. हिराबाईंनी तिकीट लावून जलसे केले त्या काळात महाराष्ट्रातल्या किती घरांत हेच बोललं गेलं असेल. हराम-हलालचा वाद आलिमांनी करावा, त्यांच्यातही मतभेद आहेतच. पण पोरीच्या आवाजाची भीती सगळ्या गल्ल्यांत एकाच चवीची असते, हे माझं मत आहे. पुतणी स्पर्धेला गेली नाही. मी आणि भाईजान दीड महिना कामापुरतंच बोललो. २०१८ ला अब्बा गेले.

मागच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. पत्रिका, हॉल, बिर्याणीची डेग, सगळं चटकन ठरलं आणि घर अडलं ते हळदीच्या रात्रीवर. पुतण्याला डीजे हवा होता. भाईजानला काहीच नको होतं: मशिदीत निकाह, खजूर वाटायचे, जेवण, रुखसती. आणि अम्मीला हवी होती ढोलक. डीजेबद्दल मी भाईजानच्या बाजूनं होतो. मिरवणूक कोणाचीही असो, काचा सगळ्यांच्याच थरथरतात. शिवाय डीजेत गाणं म्हणणारं कोणीच नसतं, सगळे फक्त ऐकणारे, आणि ऐकणाऱ्यालाही काही ऐकू येत नाही. तो वाद एका दिवसात मिटला. ढोलकीचा आठ दिवस चालला.

आमच्याकडच्या लग्नातली ढोलकीची गाणी बायकांची. समधनीला चिडवायचं, नवरदेवाच्या नाकाला नावं ठेवायची, नवरीच्या बापाच्या कंजूषपणाचे वाभाडे काढायचे. दखनीत सुरू होतात आणि मधेच मराठीत शिरतात, कारण चिडवायला मराठी बरी पडते. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर गोळा केल्या, म्हणून त्या वाचल्या. अम्मीची गाणी कोणी लिहून घेतलेली नाहीत. ती तिच्या आईकडून आली, आणि अम्मीला यंदा पंचाहत्तरावं लागलं आहे.

भाईजान शेवटी म्हणाला, दफ चालेल. लग्नात दफ वाजवायला हदीसमध्येच परवानगी आहे, ते मी अडवणार नाही. ढोलक नको. अम्मीनं विचारलं, "दफ कौन बजाता? तू बजाता?" धाडमध्ये दफ वाजवणारं कोणी नाही. मग तिनं विचारलं, दफ कसा असतो? मी सांगितलं, गोल चौकट, एका बाजूनं चामडं, दुसरी बाजू उघडी. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तो ढोलक की एकीच बाजू बजाते. दुसरी को गोधडी बांध देते." भाईजाननं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "अम्मा, तुम वकील होना था" म्हणून उठून मशिदीत गेला. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. आमच्या घरात परवानगी अशीच मिळते.

ढोलक माळ्यावर होती, कॅसेटींच्या पेटीच्या मागे. पान सैल पडलं होतं, चुलीजवळ धरून तापवलं. दुसऱ्या बाजूला खरंच गोधडीचा तुकडा बांधला. औरंगाबादची फूफी आली, तिची गाणी लांबलचक आणि उर्दूनं भरलेली. भाभीची आई भोकरदनकडची, तिची तिखट आणि निम्मी मराठी. समोरच्या काकू हळदीची त्यांची गाणी घेऊन आल्या. गोधडीमुळे ढोलक सर्दी झाल्यासारखी वाजत होती, अर्ध्या तासानं ती गोधडी कधी सुटली ते कोणी कबूल केलं नाही. बापाच्या कंजूषपणाच्या गाण्यात भाईजानचं नाव घालून दहा कडवी झाली. तो बाहेर ओट्यावर खुर्च्यांच्या भाड्याचा हिशोब करत बसला होता, आणि हॉलवाल्यानं दोनदा विचारलेला आकडा त्यानं दोन्ही वेळा वेगळा सांगितला. नवरीनं गायचं नसतं, तिनं मान खाली घालून बसायचं असतं. पुतणी बसली.

तिचं सासर सिल्लोडकडचं. मागच्या महिन्यात तिच्या नणंदेचं लग्न निघालं आणि तिथल्या बायकांना ढोलकीची गाणी फार येत नाहीत. अम्मीकडे मोबाईल नाही, म्हणून पुतणीनं बापाच्या मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला: दादी, हे गाणं इथपर्यंत आठवतं, पुढचं सांग. आणि दोन कडवी म्हटली. अम्मीला आता कमी ऐकू येतं. भाईजाननं आवाज पूर्ण मोठा केला आणि मोबाईल तिच्या कानाजवळ धरला. तिला नीट कळलं नाही म्हणून परत लावलं. मग तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा अम्मी म्हणाली, "समज गई रे, बस." तिसरं कडवं तिनं सांगितलं, ते त्यानं रेकॉर्ड करून पाठवलं. चौथं तिला आठवेना. ते भोकरदनवालीला विचारायचं ठरलं आहे.